नव्वद टक्के सावली

४ एप्रिल

मानेवरच्या तीन गळवांचा आज निकाल लागला. डॉक्टरीणबाईंनी अँटिबायोटिक दिलं. चौदा दिवस, दोन वेळा, ग्लासभर पाण्याबरोबर. गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. इथवर ठीक. मग म्हणाल्या, काका, या गोळ्यांनी कातडी उन्हाला फार हळवी होते, तेव्हा चौदा दिवस ऊन बंद. सकाळचं कोवळंसुद्धा. सूर्य मावळला की हवं तेवढं फिरा.

मला ऊन बंद! एकतीस वर्षं कापडी शेड बांधतोय. निम्मं गाव माझ्या सावलीत बसतं. बाईंच्या दवाखान्यावरची हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची शेडसुद्धा माझीच. सूर्याचं आणि माझं धंद्याचं नातं. तो तापवतो, मी कमावतो.

प्रश्न एकच. सकाळी सातला बागेत फिरायला जायचं, मी आणि ही. अकरा वर्षांचं रूटीन. ही म्हणाली, अहो, मग संध्याकाळी जाऊ या की. म्हटलं, संध्याकाळ दुकानाची. तू जा सकाळची, माझ्यासाठी थांबू नकोस. मन मोठं असावं लागतं. एवढंच नाही, जिन्यात वरच्या मजल्यावरचे घड्याळजी भेटले, त्यांना स्वतः सांगितलं की चौदा दिवस हिला सोबत करा. ते म्हणाले, हं.

रिटायर्ड घड्याळजी. एकटा माणूस. दिवसाला दोन शब्द बोलतो, त्यातला एक हं. अगदी निरुपद्रवी.

संकल्प: १) गोळ्या वेळेवर. २) ऊन नाही. ३) मत्सर नाही. (तिसरा का लिहिला कोण जाणे. खोडतो.)

५ एप्रिल, सकाळी ७.१०

दोघं निघाली. मी खिडकीशी, पडद्याच्या आत. सहज. कोपऱ्यावर ही हसली. चाळीस पावलांवरून ऐकलं. माझे कान तिखट आहेत. माझ्याबरोबर फिरताना ही या वर्षात दोनदा हसली, त्यातलं एक मी पाण्याच्या पाइपवरून पडलो तेव्हा.

सकाळी ८.०५

परत आली. माझ्याबरोबर चाळीस मिनिटं लागतात. सहज विचारलं. म्हणाली, आम्ही आज एक फेरी जास्त मारली.

आम्ही.

६ एप्रिल

गोळी गिळून पाच मिनिटं आडवा झालो, तर छातीत जाळ. याला डॉक्टरीणबाई जबाबदार. आडवं होऊ नका म्हणाल्या होत्या, पण ठासून नव्हत्या म्हणाल्या.

उजव्या हाताची चार बोटं लालभडक. फक्त चार, अंगठा शाबूत. हिने विचारलं, काय झालं हो? म्हटलं, इस्त्री लागली. ही बोटांकडे बघत राहिली, मग खिडकीकडे, मग पडद्याच्या कडेकडे. म्हणाली, इस्त्री चारच बोटांना लागली वाटतं.

पडदा धरून ठेवावा लागतो, त्याला मी काय करू? काचेतून ऊन येतं हे बाईंनी सांगायला हवं होतं.

७ एप्रिल

गंभीर बाब. ही घड्याळजींना पहिल्यापासून भाऊजी म्हणते. आज दारात म्हणाली, चला. नुसतं चला. भाऊजी गेला कुठे?

जेवताना विषय काढला. बागेत बोलता काय तुम्ही एवढं? म्हणाली, ते नाही हो काही बोलत. मग पंचावन्न मिनिटं करतात काय? म्हणाली, ऐकतात.

ऐकतात! म्हणजे मी नाही ऐकत? गिऱ्हाईक दुकानाच्या दारात बायकोच्या कानात कुजबुजतं, की याला थोडं कमी करायला सांग, ते मला मागच्या खोलीत कळतं. या कानांवर धंदा उभा केलाय मी. हे सगळं हिला समजावून सांगितलं, चांगली दहा मिनिटं. ती म्हणाली, बघा. आणि ताटं उचलून आत गेली.

काय बघा?

८ एप्रिल

घड्याळजींचा निरोप हिच्या मार्फत. (माझ्याशी बोलायला तोंड नाही?) त्यांच्या गॅलरीला दोन वर्षांपूर्वी मी हिरवी जाळी लावली. नव्वद टक्के ऊन अडतं म्हणून. तर यांची झाडं करपतात म्हणे, आणि आरामखुर्चीत बसलं की पाय भाजतात.

म्हटलं, ऊन वाढलंय.

खरं सांगायचं तर त्या जाळीच्या ताग्याच्या कडेला पन्नास छापलं होतं. तो कंपनीचा विनय. एकेरी धरली तर पन्नास, दुहेरी धरली तर शंभर. मी मधला आकडा घेतला. गिऱ्हाइकाला कुठे भागाकार सांगत बसायचा? आणि झाडं करपतात ती स्वभावाने. घुम्या माणसाची झाडं अशीच निघायची.

९ एप्रिल

आज दोन फेऱ्या जास्त. माझ्या पोटात दुखतंय ते गोळ्यांमुळे. कागदावर लिहिलेलंच आहे, पोट बिघडू शकतं.

निर्णय: उद्या एक खास वस्तू तयार करायची. मला जळफळाट म्हणून नव्हे. बायको कुणाबरोबर किती वेळ उन्हात असते याची काळजी नवऱ्याने करायची नाही तर कुणी?

१० एप्रिल, दुकान

वस्तू तयार. जुन्या मोठ्या छत्रीच्या काड्या, त्यावर आपलं पट्ट्यांचं जाड कापड, खाली गुडघ्यापर्यंत झूल. तोंडासमोर हिरव्या जाळीची खिडकी, म्हणजे मी सगळं बघणार, मला कुणी नाही. नाकावर ऊन जास्त बसतं म्हणून तेवढ्या भागात जाळी दुहेरी केली. माणूस विचाराने मोठा होतो.

डोकं असं चाललं: बागेच्या फाटकाशी तिकिटाची खिडकी, तिच्यावर माझी शेड. शेजारी सरबताचा स्टॉल, त्याच्यावर माझी शेड. वॉचमनच्या खोपटावर माझी शेड. सगळीकडे हिरवे-पांढरे पट्टे. त्या तिघींत चौथी उभी राहिली तर कोण मोजतंय? एकतीस वर्षांचा अनुभव आहे, सावलीत सगळे बसतात, मान वर करून शेडकडे कुणी बघत नाही.

११ एप्रिल, सकाळी ८.४०

मोहीम फत्ते. जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

६.५० ला स्टॉल आणि खोपटाच्या मध्ये उभा राहिलो. सात वाजता एक आजीबाई समोर येऊन थांबल्या. मग त्यांच्या मागे एक गृहस्थ. रांग लागली. आजीबाई म्हणाल्या, कधी उघडणार? मी आतून हळूच म्हटलं, बंद आहे. त्या म्हणाल्या, बंद आहे तर बोलतोस कशाला रे मेल्या? गृहस्थ म्हणाले, आजी, हल्ली मशीनच बोलतं. दोघं गेले. थोड्या वेळाने वॉचमनने माझ्या अंगावर सायकल टेकवली. मी हललो नाही.

७.२० ला ही दोघं आली आणि माझ्यापासून दहा पावलांवरच्या बाकावर बसली. माझं तोंड पूर्वेला. ऊन थेट जाळीवर. पण हललो असतो तर सायकल पडली असती.

सगळं ऐकलं. ही बोलत होती. एकटी, सलग बारा मिनिटं! मला माहीतच नव्हतं हिच्याकडे इतकं बोलणं शिल्लक आहे.

शिलाई मशीनबद्दल बोलत होती. आमची पहिली शेड हिने शिवली होती, जाड कापडात सुई तुटायची, बोटाला पट्ट्या बांधून रात्रंदिवस शिवायची. पुढे मी कारागीर ठेवले आणि मशीन घरातल्या मागच्या खोलीत खोक्यांखाली गेलं. परत शिवायला बसावं असं फार वाटतं, म्हणाली. यांना तीनदा सांगितलं. एकदाही पोचलं नाही.

मला कधी सांगितलं? त्या वेळी मी बहुतेक काहीतरी महत्त्वाचं बोलत असणार.

घड्याळजी म्हणाले, हं. नंतर आणखी एकदा हं. बरोबर जागी पडत होते, हे कबूल करायला हवं. मग त्या माणसाने अख्खं वाक्य उच्चारलं: मशीन बाहेर काढा, वहिनी, मी उघडून बघतो, एखादी स्प्रिंग अडकली असेल.

वहिनी म्हणाला. नोंद घेतली.

मग ही हसत म्हणाली, हे फिरायला येतात ना भाऊजी, चार पावलं पुढे चालतात आणि पुढे बघूनच बोलतात. निम्मं बोलणं झाडांना जातं. मला काही ऐकू येत नाही, म्हणून मी नुसती मान हलवते.

अकरा वर्षं! मी समजत होतो, पटतंय.

उठताना ही माझ्यासमोरून गेली. किंचित थांबली. खालच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि स्वतःशीच म्हणाली, टाका सैल आहे. गेली. ओळखलं नाही.

११ एप्रिल, संध्याकाळ

तोंडाची आग आग होतेय. आरसा बघितला. गालांवर, कपाळावर, हनुवटीवर बारीक लाल चौकडी. टेबलक्लॉथसारखी. नाक मात्र पांढरं स्वच्छ. म्हणजे दुहेरी जाळी शंभर टक्के अडवते हे सिद्ध झालं. माझा हिशोब चूक नव्हता.

हिला म्हटलं, गोळ्यांची रिअॅक्शन.

१२ एप्रिल, दवाखाना

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, काका, चाळणीखाली झोपला होता का? म्हटलं, औषधाचाच प्रकार आहे, बारीक चौकोनी पुरळ. त्या म्हणाल्या, चौकोनी पुरळ मी अजून पुस्तकात बघितलं नाही.

मग ही खुर्चीतून उठली. माझी हनुवटी धरून गाल उजेडाकडे फिरवला आणि अंगठ्याच्या नखाने मोजायला लागली. सुरुवातीच्या दिवसांत घाऊक बाजारात कापड घेताना अशीच मोजायची, बोटाच्या एका पेरात किती धागे. मोजून झालं. म्हणाली, पन्नास.

बाई म्हणाल्या, काय पन्नास?

ही म्हणाली, यांचं नव्वद.

बाईंनी मान वर करून खिडकीबाहेर त्यांच्या शेडकडे बघितलं. ती जाळी नव्हे, जाड कापड आहे, मी लगेच सांगितलं. पण विश्वास एकदा उसवला की परत शिवता येत नाही.

निकाल: गोळ्या पूर्ण करायच्या, गालांना मलम, आणि आता चौदा दिवस नव्हे, पुढचा पूर्ण महिना ऊन बंद.

घरी येताना रिक्षात ही म्हणाली, अहो, पुढच्या वेळी बागेत उभं राहायचं असलं तर चपला बदला. झुलीखालून दिसतात.

१३ एप्रिल

जिन्यात घड्याळजी. माझ्या गालाकडे बघितलं. मग मान वर करून स्वतःच्या गॅलरीकडे. मग पुन्हा गालाकडे. म्हणाले, हं.

इतका लांब हं मी आजवर ऐकला नव्हता.

त्यांची जाळी बदलून देणार. खरी नव्वद. घाबरून नव्हे, चांगुलपणाने. शिवणार ही. मशीन खोक्यांखालून बाहेर आलं, घड्याळजींनी उघडलं, स्प्रिंगच होती. मागच्या खोलीतून आवाज येतोय. एकतीस वर्षांपूर्वी याच आवाजावर मला झोप लागायची.

१६ एप्रिल

हिला म्हटलं, संध्याकाळी फिरायला जाऊ या का? सूर्य मावळल्यावर. मशीन थांबलं. म्हणाली, दुकान? म्हटलं, दुकान काय, रोजचंच आहे. ती म्हणाली, या. पण बरोबरीने चालायचं, आणि बोलायचं नाही.

अट मान्य. आपल्याला काय अवघड आहे.

१७ एप्रिल, संध्याकाळी ७.५०

गेलो. बरोबरीने चाललो. ही बोलली: मशीन, सुया, तिच्या मावशीचं शिवण, कसली कसली स्वप्नं. मी नऊ वेळा हं म्हटलं. मधे दोनदा जीभ सळसळली, चावली. एकूण कामगिरी अव्वल.

घरी आल्यावर मुद्दाम विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, बरं वाटलं. पण दोन हं चुकीच्या जागी पडले. भाऊजींचं तेवढं चुकत नाही.

तरी भाऊजी म्हणाली. प्रगती आहे.

१८ एप्रिल

गोळ्या संपल्या. गळवं गेली. संध्याकाळी अकरा हं, फक्त एक चुकला. मला वाटलं होतं, आता सकाळचं फिरणं कॅन्सल होईल. विचारलं. ही म्हणाली, का बरं? सकाळचं सकाळी, संध्याकाळचं संध्याकाळी.

संकल्प: पडदा बाजूला करायचा नाही. काय वाट्टेल ते झालं तरी.

१९ एप्रिल, सकाळी ७.००

दोघं निघाली. पडद्याला हात लावला नाही. दोन्ही हात खिशात. (पडद्याला काल कात्रीच्या टोकाने एक बारीक भोक पाडून ठेवलंय. बेत पक्का.)

सकाळी ८.१५

परत आली. दोन फेऱ्या जास्त. माझ्याकडे बघितलं. डोळ्याभोवती लाल ठिपका आलाय म्हणे, बटणाएवढा. पडद्यापाशी गेली, भोकात करंगळी घालून बघितली, आणि आतून सुईदोरा घेऊन आली. म्हणाली, कापड ताणून धरा.

धरलं. उभा राहिलो. हिने बारीक टाके घातले, एकावर एक, आणि दात लावून दोरा तोडला.

आता काहीच दिसत नाही. शंभर टक्के.