बाभळीची सावली चार पावलांवर

किन्हीराजा. माघ, १९५८. दिवेलागण.

चार दिवस भटकून आज घरी आलो अन् दादाचं तोंड पाहून दारातच थबकलो. कपाळ, नाक, हातांचे पंजे भाजल्यासारखे काळे, सोललेले. दोन दिवस खळ्यावर तुरीची राखण करत भर उन्हात बसला म्हणे. बाभळीची सावली चार पावलांवर.

डोकं शांत ठेवायच्या, दिवाळीपासून चालू असलेल्या गोळ्यांची नवी खेप देताना कंपाउंडरनं मला बजावलं होतं, "आता ऊन वाढते. ह्या गोळ्यांनं ऊन सोसत नाही. त्याले उन्हात जाऊ देऊ नको." मी शेलूबाजारात गोळ्या शेजाऱ्याच्या हाती दिल्या अन् निरोप विसरलो. कायले? तर कुस्त्या पाहायच्या होत्या! मधेच आठवलंही होतं. तरी शेवटची जोड पाहूनच उठलो.

बाबा खुशीत. "आता गुणाचा झाला. बसवलं तिथं बसते."

वहिनीला म्हटलं, बंद कर ह्या गोळ्या. हात थरथरतात, लाळ गळते, हा काय आपला दादा?

ती भाकर थापता थापता म्हणाली, "भाऊजी, तुमी जा कुस्त्या पाहाले. दिवाळीपासून मले मार नाही पडला."

पण चारच पावलं होती! पहिलेच्या दादानं खळं पेटवून दिलं असतं, पण असा उन्हात बसून राहिला नसता.

शेवटी त्यालाच विचारलं, "दादा, सावलीत काहून नाही गेला?"

जड जिभेनं, सावकाश म्हणाला, "कोनं म्हटलंच नाही."