डोंगराचा वाटा

अण्णा,

माझे घ्राणेंद्रिय निवर्तले आहे. नाक स्वस्थानी आहे, चष्म्याचा भार ते पूर्ववत वाहते आणि सर्दीही त्याला यथाकाल होते. परंतु गंध म्हणून जे काही या सृष्टीत आहे त्याच्याशी त्याचा संबंध उरलेला नाही. तुमच्या पश्चात एक साथीचा ताप साऱ्या जगात हिंडला आणि आपल्या डोंगरावरही चढला, एस.टी.ला जे आजवर साधले नाही ते त्याला साधले. अंथरुणातून उठलो तेव्हा चहाला वास नव्हता, साबणाला नव्हता, मोड आलेल्या सातूलाही नव्हता. डॉक्टर म्हणाले, येईल सावकाश. तो आला नाही. ज्याच्या नाकावर या भट्टीतल्या प्रत्येक थेंबाचा न्यायनिवाडा अवलंबून, त्या तुमच्या चिरंजीवाची ही अवस्था मी कोणालाही कळू दिली नाही. कळली असती तर भट्टीघराची किल्ली गेली असती, आणि किल्लीमागोमाग हा डोंगर. दारू गाळण्यावाचून मला येथे राहण्याचे दुसरे काय निमित्त आहे? आणि परवा तुमच्या हातच्या शेवटच्या दारूचा काचेचा बुधला उघडण्याची वेळ आली.

तुम्हाला या स्थळाचा इतिहास सांगणे म्हणजे गोदावरीला पाण्याची ओळख करून देणे. पण लेणी पाहून परतणारे प्रवासी हल्ली सुटीच्या दिवशी वर येतात, त्यांना तो ऐकवून ऐकवून माझी जीभ वळणाला लागली आहे, तेव्हा सहन करा. खुलताबाद मागे पडले की काही वेळाने डांबर संपते, मग खडी संपते, मग माणसाची जिद्द संपते, आणि तेथे आपली भट्टी लागते. निजामाच्या अमदानीत एका जहागीरदाराने मोहाची दारू गाळण्यासाठी ही दगडी वास्तू उभारली. इतक्या दुर्गम जागी का, तर झरा बारमाही होता आणि बेगमसाहेबांना गावात वास नको होता. तांब्याचा तो अगडबंब हंडा बैलांनी घाटाच्या मध्यापर्यंत ओढला. तेथे बैल बसले, तेव्हा माणसे जुंपली. पुढे पोलीस ॲक्शन झाली, जहागिरी गेल्या, जहागीरदार हैदराबादेस गेले, आणि हंडा मागे राहिला. कारण तो खाली उतरवण्याइतकी माणसे आता त्यांच्या हुकमात नव्हती. मग आलात तुम्ही, मिसरूड फुटलेले, सरकारी कुलपाचे राखणदार म्हणून. आपण मुंबई राज्यात गेलो, पाठोपाठ दारूबंदी आली, आणि बंद भट्टीची राखण करण्यात तुमचे तारुण्य सरले. वटवाघळे, हंडा आणि तुम्ही. कोणी सांगितले नसताना तुम्ही तो हंडा चिंचेने घासून लखलखीत ठेवत होता. आई लग्न होऊन वर आली तेव्हा तिची समजूत झाली की या गृहस्थाचे एक लग्न आधीच झालेले आहे.

बंदी सैलावली, शहरातल्या एका कारखानदाराने ही जागा घेतली आणि सातूची व्हिस्की गाळण्याचा संकल्प सोडला. हंडा ज्याचे ऐकतो तोच गाळणारा, या न्यायाने राखणदाराचा कारागीर झाला. आणि येथून तुमच्या लौकिकाला, किंवा डोंगरातील लोकांच्या मते तुमच्या पापाला, आरंभ झाला. अवघ्या महाराष्ट्रात जिच्या नावाने मिशांना पीळ भरतात ती पहिली धार तुम्ही फरशी धुवायला देत होता. मेंढरे घेऊन आलेले धनगर कुंपणाशी उभे राहून हळहळत.

"अण्णा, पहिल्या धारेची अशी सांडता? लई पाप लागंल बगा."

"लागू दे. तुझे डोळे तर ऱ्हातील."

उग्र, मस्तक फिरवणारी, प्रसंगी दृष्टी हरण करणारी ती धार पडत असताना एका क्षणी तिचा गंध पालटतो, आणि त्याच क्षणी तोटी पिपाकडे वळवावी लागते. अलीकडे विष, पलीकडे नासाडी. थर्मामीटर आपल्याला त्या क्षणाच्या दारापर्यंत पोचवतो आणि नमस्कार करून परत फिरतो. आत एकट्या नाकाने जायचे असते. तुम्ही तळहातावर थेंब घ्यायचे, चोळायचे, हुंगायचे आणि म्हणायचे, "उतरली." उभ्या हयातीत जिभेला थेंब न लावलेला माणूस हे म्हणत असे, आणि कोणीही दुसऱ्यांदा विचारत नसे.

त्या एका शब्दासाठी आपल्या घराने केवढे सोवळे पाळले! भट्टीच्या दिवशी घरात फोडणी नाही. हिंग नाही, लसूण नाही, केसांना तेल नाही, देवापुढे उदबत्ती नाही. मी आजही पाहतो आहे: आई चुलीपुढे बसली आहे, बिनफोडणीचे वरण ढवळते आहे आणि पळीशी बोलते आहे. "दारू लोकं पेणार, अन् सपक वरण आपण गिळायचं! ह्या घरात देवापेक्षा हंड्याचं सोवळं जास्त." तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणता, "देव समजून घेतो. हंडा नाय घेत." आणि ते आबकारीचे साहेब! खुलताबादच्या उरुसातून थेट वर आले, कानात अत्तराचा फाया खोचून, आणि नेमके गाळप चालू असताना. मी कॉलेजातून सुटीला आलो होतो. तुम्ही दारात आडवे उभे.

"साहेब, तेवढा कान बाहेर ठिवून या."

"क्या मतलब?"

"मतलब, आंघोळ करून या. हीर मागल्या अंगाला हाय. साबण नका लावू."

"अजी, मैं गव्हर्नमेंट हूँ!"

"व्हय साहेब. पण गव्हर्नमेंटला वास येतोय."

शासनाला विहिरीवर ओणवे बसून कान चोळताना पाहण्याचे भाग्य फार थोड्या प्रजाजनांना लाभते, मला लाभले. नंतर तुमचे धोतर नेसून साहेब पिपे तपासायला बसले आणि मोजमाप कमी का भरते म्हणून विचारते झाले. तुम्ही खिडकीबाहेर बोट दाखवलेत. "डोंगर पेला." आपल्याकडच्या उन्हात पिपाचे लाकूड श्वास टाकते आणि दरसाल मालाचा एक हिस्सा हवेत उडून जातो, त्याला गडी डोंगराचा वाटा म्हणतात, हे तुम्ही त्यांना सावकाश समजावलेत. त्यांनी ते मान्य केले. तुमचे धोतर नेसून तुमच्याशी वाद घालणे कोणालाही जड गेले असते.

शहरात संस्कृत घेऊन पदवी मिळवल्यावर त्या पदवीला शहरात गिऱ्हाईक मिळेना, म्हणून मी वर आलो. पहिल्याच गाळपाला तुम्ही माझ्या तळहातावर थेंब सोडलेत. मी नेत्र निमीलित केले आणि म्हणालो, "अण्णा, यात पक्वफलसदृश माधुर्य आहे, तथापि किंचित कषाय असा…"

"उतरली का? व्हय का नाय?"

"बहुधा नाही."

"बहुधा नावाची दारू नसती."

एवढेच बोललात. पण त्या दिवसापासून तुम्ही मला शेजारी उभे करू लागलात, आणि काही हंगामांनी एके सकाळी तळहात न हुंगताच मागे सरलात. मी वाट पाहिली, मग मला उमगले की आता वाट माझी पाहिली जात आहे. मी म्हणालो, "उतरली." तुम्ही तोटी वळवलीत. अन्य कोणतीही पदवी मला त्यानंतर नको होती.

आता सद्यःस्थिती. तुमचे औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. मंडळी तिकडेच असते, मुलीच्या बाळंतपणासाठी गेली ती नातवाच्या शाळेसाठी राहिली, आणि दर रविवारी फोनवर विचारते, "खाली कधी येताय?" मी भट्टीचे कारण सांगतो. वर आता मी, एक केमिस्ट बाई, ज्या मोटारीने येऊन-जाऊन करतात, आणि तुम्ही मेंढरांमागून आणून भट्टीवर ठेवलेला आपला गडी. त्याचे केस पांढरे झाले. मला तो मास्तर म्हणतो. ताप येऊन गेल्यावर मी त्याचे मुख हाच ग्रंथ मानला. उग्र धार असली की त्याच्या नाकपुड्या आवळतात, पालटली की सैल पडतात. मी तळहात हुंगायचो, एक डोळा भक्तिभावाने मिटायचो, दुसऱ्याने त्याच्या नाकपुड्या वाचायचो आणि धीरगंभीर स्वरात उच्चारायचो, "उतरली." धार खरोखरच उतरलेली असे. परंतु अण्णा, त्या खोलीत आम्ही सारे जण उभे असताना मी कोठे उभा होतो, ते मला सांगता येणार नाही.

तुमच्या हातचे शेवटचे पीप डोंगराने निम्मे रिचवले, तेव्हा उरलेले मी काचेच्या बुधल्यात काढून ठेवले होते. काचेतून डोंगराला पिता येत नाही. कारखानदारांच्या नातवाने ठरवले की तो बुधला उघडावा. उत्तम निघाला तर भट्टीच्या नावाने बाटल्या भरायच्या; बिघडला असेल तर शहरातल्या कारखान्यात स्वस्त मालात मिसळून टाकायचा. निर्णय माझा. परवा सकाळी बूच निघाले. बाईंनी तीन पेल्यांत थोडे थोडे ओतले. मी पेला नाकाशी नेला. काच थंड होती, बाकी काही नव्हते. मी नित्याप्रमाणे डोळा गड्याकडे वळवला.

त्याच्या नाकपुड्या आवळल्या नाहीत आणि सैलही पडल्या नाहीत. त्याचा सबंध चेहरा गोळा झाला, ओठ दुमडला, आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. इतक्या काळात हे पान मी वाचले नव्हते. बिघडला होता काय? जिवापाड जपलेले काही नासले की माणसाचे असेच होते. की उत्तम होता?

"सर, बोला ना," बाई म्हणाल्या. "कैसा है?"

माझ्यापाशी वाक्य सिद्ध होते. चंदन होते त्यात, सुके अंजीर होते, सायंकालीन तृणगंधही होता. परंतु बिघडलेल्याची स्तुती करावी तर बाटलीबाटलीतून तुमची अपकीर्ती; उत्तमाला बाद करावे तर तुमचे शेवटचे काम परक्या मालात बुडवल्याचे श्रेय माझे. मी पेला खाली ठेवला.

"बाई, मला वास येत नाही."

"मतलब आज? सर्दी है?"

"नाही. तापापासून. कशाचाच नाही."

गडी गर्रकन वळला. डोळे ओले, आणि आवाजात शुद्ध संताप. "मंग इतके दिस माझ्याकडं टकामका का बघत होते, मास्तर?"

"तुझे नाक बघत होतो."

"आरं द्येवा! मला वाटलं, तंबाखूवरून डोळं वटारता! तुमच्या त्या बघण्यापायी सोडली की मी तंबाखू!"

बाईंना हसू आवरले नाही. मलाही आले. मग मी त्याला विचारले की बाबा रे, आता तरी सांग, चांगला आहे की नासला. तो म्हणाला, "चांगलं-वाईट म्याडमला इचारा. मला तर अण्णा हितं उभे हायत असं वाटाय लागलंय. त्यांच्या सदऱ्याचा वास हाय ह्यो. कामावरनं आल्यावर खुंटीला लावायचे, तवाचा."

"कसा आहे? नीट सांग."

"आता वास कसा म्हून काय सांगू, मास्तर? वासावानी हाय."

मी त्याला पुनःपुन्हा विचारले. गोड? धुरकट? ओल्या धान्यासारखा? तो दर वेळी पेला हुंगायचा, मान हलवायचा आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा. पेल्यात तुम्ही होता आणि तो तुम्हाला भेटत होता. मी मध्ये उभा राहून बातमी मागत होतो. बाईंनी हुंगले, चाखले, दोन ओळी लिहून घेतल्या आणि म्हणाल्या, "सर, बहोत अच्छा है. बाटल्या भरू." म्हणजे तुमचे काम निभावले. मी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. त्या घेईनात. "राहा ना सर, हिस्टरी कोण सांगणार लोकांना?" इतिहास सांगायला वास लागत नाही हे खरे, पण मी मंडळीला फोन करून कळवले आहे की हा हंगाम आटोपला की खाली येतो. ती म्हणाली, "नक्की ना?" बहुधा म्हणण्याची सोय नव्हती. नक्की म्हणालो.

हा कागद कोठे धाडायचा प्रश्नच नाही, आणि धाडता आला असता तरी धाडला नसता. कारण एक गोष्ट राहिली आहे. त्या दिवशी भट्टीघर बंद करताना गड्याने विचारले, "तसाच व्हता ना, मास्तर, अण्णांचा वास? तुम्हाला तर ठाऊक असंल." मी म्हणालो, "तसाच." तुमचा आवाज माझ्यापाशी आहे, तळहातावरचे चट्टे आहेत, चढावर थांबून कमरेवर हात ठेवण्याची लकब आहे. सदऱ्याचा वास मला आठवत नव्हता. तापाने माझा गंध नेला असे मी आता सर्वांना सांगत सुटलो आहे. तुमचा त्याने नेला नाही. नाक धड असतानाच तो केव्हातरी गेला होता, आणि गेल्याचे मला परवापर्यंत कळलेही नव्हते.