न मोजलेली फट

गुरुवार, संध्याकाळ

१. ताईच्या स्कूटरचे सिलिंडर लेथ चालवणाऱ्या खरादवाल्या काकांकडून मोठे करून घेतले. मोठा पिस्टन बसवला.
२. दोन्हींमधली फट वहीत ०.०४ मिलिमीटर लिहिली.
३. ती मी मोजली नाही.

फट मोजायचे गेज मी बाहेर काढले होते. काका हसले, "काहून मोजतं वं पोरी? पिस्टन आपल्या वजनानं उतरून राहिला नं, झालं!" मी मान डोलावली. इंजिनिअर मी आहे, ते नाहीत. आणि तो ०.०४ माझ्याच अक्षरात, पुस्तकातून उतरवलेला.

फट कमी निघाली तर? तापल्यावर पिस्टन फुगेल, अडकेल, मागचे चाक जागीच थांबेल. ताई रोज जाते त्या हिंगण्याच्या रस्त्यावर, मागून कंपनीची बस येत असताना.

आत्ताच ताईचा फोन आला. "काय पळून राहिली वं स्कूटर! आता पुलावर मले उतरून ढकलावं नाही लागत." मी "बरं" म्हणाले. फक्त बरं. का लिहिले मी ०.०४?

आता तिला पाठवते आहे: ताई, फट मोजली असे मी खोटे लिहिले. स्कूटर चालवू नकोस, उद्यापासून बसने जा. स्कूटर न्यायला कधी येऊ, ते शनिवारपर्यंत कळव.