दोनशे त्र्याण्णव कोणाचा?

३ जून
लागले बाई एकदाची नोकरीला! संख्यांचे तक्ते छापणारं कार्यालय. खोलीत समोरासमोर दोन टेबलं, एक माझं, दुसरं जुन्या तपासनिसांचं. त्यांना सगळे काकाच म्हणतात. दिलेल्या संख्येला एकेका भाजकाने भागत जायचं. कशानेच पूर्ण भागली नाही, तर ती मूळ संख्या. भाजक आळीपाळीने घ्यायचे आणि सुरुवात नेहमी मोठ्या माणसाने करायची. दोनने काका, तीनने मी, पाचने काका. बाकी तोंडी सांगायची, कोणी कुठला केला याची नोंद नसते. काका म्हणाले, अगं, इथे विश्वासावर चालतं. मग माझ्या गिचमिड आकड्यांची मनसोक्त थट्टा केली.

११ जून
आज दहा लाख नऊ. हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ भाजकांचे एकशे अडुसष्ट भागाकार, डोकं उठलं! दोनशे त्र्याण्णव माझ्या वाट्याला आला आणि तेवढ्यात चहा आला. न भागताच ‘बाकी सतरा’ असं ठोकून दिलं. संध्याकाळी दोघांनी सह्या केल्या: मूळ संख्या.

२ ऑगस्ट
पुस्तक बाहेर पडलं आणि एका शिक्षिकेचं पत्र आलं. दहा लाख नऊ म्हणजे हजाराचा वर्ग अधिक तीनचा वर्ग. आणि नऊशे बहात्तरचा वर्ग अधिक दोनशे पस्तीसचा वर्गसुद्धा. मूळ संख्या अशी दोन तऱ्हांनी मांडता येत नाही. खाली तिने भागूनच दाखवलं होतं: २९३ गुणिले ३४१३.

साहेबांनी मोजलं. दोनशे त्र्याण्णव बासष्टावा भाजक, सम क्रमांक, म्हणजे धाकट्याचा. माझी पाचावर धारण बसली. बोलून गेले की त्या दिवशी काकांनी सुरुवात मला करायला दिली होती, म्हणून सम क्रमांक त्यांचे. काका बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, असेल, वय झालं. त्यांना घरी बसवलं. मला माझीच किळस येते. उद्या खरं सांगेन.

५ ऑगस्ट
साहेबांसमोर उभी राहिले. सगळं पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि तेच खोटं पुन्हा बाहेर पडलं. आवाज माझाच, अगदी शांत.

९ ऑगस्ट
काकूंचा फोन. काकांचा स्वतःवरचा विश्वासच उडालाय. कडी लावली का, जेवलो का, सगळं त्यांना विचारतात. डॉक्टर म्हणतात, चूक त्यांची नव्हती असं कुणी पटवून दिलं तर सावरतील.

१० ऑगस्ट
त्यांच्या घरी गेले, पाय धरले. मी रडत होते आणि तोंड लाडात म्हणत होतं, काका, तुम्हीच नाही का म्हणालात, आज तू सुरुवात कर— त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग काकूंकडे बोट दाखवून मला विचारलं, या कोण?

११ ऑगस्ट
काकूंना चिठ्ठी लिहायला बसले. सहा कागद. सहाही कागदांवर तेच खोटं. अक्षर माझं — हात ऐकत नाही —

१२ ऑगस्ट
काका आज बोललेच नाहीत. ही रोजनिशीच काकूंना देते. हिच्यात सगळं खरं आहे. शेवटी फक्त एक ओळ, खाली सही —
काकू, वर लिहिलंय ते सगळं मी रचलेलं आहे. त्या दिवशी काकांनीच मला सुरुवात करायला दि—