तोंडावर ताबा

कुरुंदा, ६ फेब्रुवारी १९३९

तुपाचं गाडगं कुलपात गेलं! किल्ली ह्यांच्या करगोट्याला. का, तर मी जाड. "मनात आणलं तर माणूस काहीबी करतो, नर्मदा. तोंडावर ताबा पायजे." हे बोलले ते तिसरी भाकरी तुपात बुडवून. स्वतः काटकुळे — तोही मनाचाच पराक्रम म्हणे!

९ फेब्रुवारी

एक वेळच जेवते. अर्धी भाकरी, वरणाचं पाणी. सासूबाई म्हणतात, "काहून उपाशी मरून राहिली? नशिबातच तशी अंगलट." घरात दोन गुरू. एकाच्या मते सगळं माझ्या हाती, दुसरीच्या मते काहीच न्हाई. जेवणं मात्र दोघांची वेळेवर.

२० फेब्रुवारी

हळद शिजवून राहिलो. दिवसभर कढईच्या जाळापाशी — आणि मला थंडी! शेजारची मंजुळाबाई खिदळली, "वैनी, एवढ्या चरबीतून थंडी शिरती कुठून?" मीही हसले. काय करणार?

४ मार्च

चोळी पुन्हा उसवली. अर्ध्या भाकरीवर!

हे म्हणाले, "चोरून खातीस. खरं सांग." खरं सांगितलं. ते खोटं ठरलं. मग औंढ्याच्या नागनाथाची शपथ घ्यायला लावली. घेतली. देवाला माझ्या भाकरीची चौकशी — त्यालाही कामं कमी असतील.

१२ मार्च

विहिरीवर चक्कर येऊन पडले. हंडा चेपला. सगळं घर हंड्यासाठी हळहळलं.

१९ मार्च

माझा भाऊ किसनराव वाशीमहून आला. मला पाहून चरकला. हट्टानं हिंगोलीला नेलं. लाजेखातर हेही आले.

डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, केस पाहिले. "थंडी वाजते? पाळी चुकते? सारखी झोप येते?" व्हय, व्हय, व्हय! ही बाई आमच्याच माजघरात राहते की काय?

मग ह्यांच्याकडे वळल्या. "हिच्या गळ्यातली ग्रंथी मंदावलीय. अंग त्यानं सुटतंय, खाण्यानं नाही. हिला पोटभर जेवू घाला. गोळ्या हैदराबादहून मागवते."

मी तिथंच रडले. हमसून हमसून. माझं चुकत नव्हतं!

परतीच्या गाडीत हे खाली मान घालून बसले. वाटलं, शरमले.

२१ मार्च

शरमले कुठले! विचार करून राहिले होते. आज म्हणाले, "म्हंजे हे तुझ्या हातात न्हाईच. लेकरूबी न्हाई. मग मी थांबू कशापायी?" शिरड शहापूरची एक पोरगी सांगून आलीय.

कालपर्यंत मी गुन्हेगार होते, आज निकामी. बढतीच म्हणायची!

आणि पोरगी पाहायला कुणी जायचं? मीच! सासूबाई म्हणाल्या, "थोरलीनं पसंत केली की गावात कुणी नावं न्हाई ठेवत." किसनराव भांडायला उठला. मी त्याला गप्प केलं. म्हटलं, जाते.

२६ मार्च, शिरड शहापूर

पोरगी गोड आहे. पंधरा-सोळाची. तिनं पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, जेवलात का?"

पोटभर जेवले. मग तिच्या आईला परसात नेऊन हळूच सांगितलं — ह्यांना फेफरं येतं.