मयत सिद्धूच्या हजेरीबाबत

प्रति,
मेहेरबान डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट साहेब,
जिल्हा सातारा

अर्जदार : हरणाबाई कोम धुळा रामोशी, राहणार मौजे बाभळमळा, तालुका तासगाव.

विषय : मयत मुलाचे नाव हजेरीतून कमी होऊन नवरा कोठडीतून सुटणेबाबत.

महोदय,

१. अर्जदार बाईची जात रामोशी. कायद्याने ही जातच गुन्हेगार लिहिली असल्याने घरातील पुरुषांना रोज सांजेला चावडीवर हजेरी द्यावी लागते. तिचा नवरा धुळा याने उभ्या जन्मात कुणाच्या कणसाला हात लावलेला नाही. गावाची राखण मात्र त्यानेच केली.

२. मुलगा सिद्धू सन १९४२ साली मिरजेस पलटणीत भरती झाला. सरकारने त्याच्या हाती बंदूक दिली, पण हजेरीतले नाव काही काढले नाही. कुणी गैरहजर असला की मार घरच्यांना. म्हणून धुळा स्वतःच्या नावाला "हाय" म्हणे आणि मुलाच्या नावालाही तोच "हाय" म्हणे. पोलीसपाटील वहीतून मान वर करीत नाहीत. रामोशाचा आवाज आला की हजर, मग तो कुणाचा का असेना.

३. गेल्या फाल्गुनात सिद्धू ब्रह्मदेशात लढाईत पडला. पलटणीचा कागद आला. तो वाचून घेऊन धुळा त्याच सांजेला चावडीवर गेला आणि मुलाच्या नावाला पुन्हा "हाय" म्हणाला. आता कशाला, असे बाईने विचारले. तो म्हणाला, "आगं, त्येचं नाव घेणारं गावात आता तेवढंच हाय." ही लबाडी पुढे रोज झाली, हे बाई कबूल करते.

४. श्रावणात गावात घरफोडी झाली. साक्षीदाराने चोराचे तोंड पाहिले नाही. चोर कसा होता, तर तंबूतल्या बोलपटात दाखवतात तसा. काळा, मुंडासे बांधलेला, खांद्यावर घोंगडी. तेवढ्यावर फौजदारांनी रामोशवाड्यात येऊन वही काढली. वहीत सिद्धू त्या दिवशी हजर आणि घरात तर नाही, म्हणजे चोरी करून फरारी. पलटणीचा कागद खोटा ठरला आणि वही खरी ठरली. मुलाला आणून उभा करीपर्यंत सुटका नाही, म्हणून दीड महिना धुळा कोठडीत आहे. कुठून आणावा, हे कुणी सांगत नाही.

५. तरी धुळास सोडावे व सिद्धूचे नाव कमी करण्याचा हुकूम व्हावा. कमी करण्याआधी ते चावडीवर एकवार मोठ्याने पुकारावे. बापाच्या तोंडून नकार निघत नाही. आई समोर उभी राहून "न्हाई" म्हणेल.

सोबत : पलटणीचा अस्सल कागद. पाहून परत मिळावा.

हुकमाकडे डोळे लावून बसलेली,
हरणाबाई कोम धुळा रामोशी
(डाव्या अंगठ्याची निशाणी)

तारीख ९ ऑक्टोबर १९४५