सव्वाचार ते पाच : नातेसंबंध

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच घे. प्रत्यक्षात मला सध्या वाकता येत नाही, कंबर धरली आहे, आणि ती कोणामुळे धरली हे पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भाचीचा खोकला गेला का? तिला म्हणावं, मामा सायकलचं विसरला नाही, फक्त लांबणीवर टाकलंय. इकडे मी खुशाल होतो. 'होतो' हे मुद्दाम लिहिलंय. दोन महिन्यांपूर्वी तुझे यजमान एक बॅग, स्वतःची उशी आणि गोळ्यांचा डबा घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले, त्या सकाळपर्यंत होतो. (सुरुवातीला मान ठेवून यजमान म्हणतोय. पुढे राग चढला की 'तुझा नवरा' असं येईल. खाडाखोड करणार नाही, कागद कमी आहे.)

पहिल्यांदा मला एक सांग. मी सहा वर्षांत अकरा नोकऱ्या सोडल्या, तेव्हा घरात मला काय म्हणायचे? धरसोड्या. गॅरेज सोडलं तेव्हा दाजींनी मला समोर बसवून पाऊण तास सुनावलं होतं, की माणसाने टिकायला शिकावं, मला बघ, इतकी वर्षं एकच टेबल. छापखाना सोडला तेव्हा पुन्हा तेच, फक्त तास पूर्ण केला. आता तेच दाजी एक्कावन्नाव्या वर्षी ते सव्वीस वर्षांचं टेबल सोडून उठले, तर ऑफिसात निरोपाची भाषणं झाली, त्यांचे साहेब म्हणाले धाडस, शेजारचे मास्तर म्हणाले नवं आयुष्य, आणि तू मला लिहिलंस, 'ह्यांना आता घराला वेळ द्यायचाय रे, सांभाळून घे.' म्हणजे मी सोडली की उनाडकी आणि त्यांनी सोडली की धाडस! मी हे धाडस अकरा वेळा केलं, ताई. एकानेही भाषण केलं नाही. गॅरेजवाल्याने तर पान्हा फेकून मारला होता.

आणि घराला वेळ देण्यासाठी माणूस घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर येऊन राहतो, हे गणित मी सातवीपर्यंत तरी शिकलो नव्हतो. (त्यापुढे शिकवत असतील.) त्यांचा बेत मला पाठ झालाय. सहा महिने माझ्याबरोबर लाँड्रीत राबून काम शिकायचं, मग परत येऊन आपल्या गल्लीत छोटीशी लाँड्री टाकायची, सकाळी सातला उघडायची, दुपारी तीनला शटर खाली, आणि तीननंतर तू, भाची आणि ते. तिकडेच शिकले असते, पण साहेबांना ओल्या कपड्यांची टोपली उचलताना ओळखीच्या कोणी बघितलं असतं ना! म्हणून हा लांबचा मेहुणा. त्याला कोणी ओळखत नाही. त्याची कंबर मोडली तरी कोणाला दिसत नाही.

आमची खोली तू पाहिलेली नाहीस. दोन खाटा, मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, एक खिडकी, आणि ती उघडली की समोर लाँड्रीची चिमणी. दाजींनी दुसऱ्याच दिवशी पट्टी लावून आखलेलं वेळापत्रक माझ्या उशाशी चिकटवलं. साडेतीन ते सव्वाचार : स्वतःसाठी वेळ. सव्वाचार ते पाच : नातेसंबंध. पाच ते सहा : छंद. (ऑफिसने शेवटच्या वर्षी एका व्याख्यात्याला बोलावलं होतं, त्याने फळ्यावर गोल काढून आयुष्याचे चार तुकडे केले, तिथून हे दुखणं आलं.) आता दोन दिवसांच्या परिसरात त्यांचा नातेवाईक कोण? मी! रोज सव्वाचार वाजता तुझा नवरा घड्याळ बघतो, माझ्या खाटेच्या कडेला बसतो, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतो आणि म्हणतो, "हं. बोल. काय चाललंय तुझं?" अगं, काय चालणार? सकाळी सहापासून आम्ही एकाच चादरीची दोन टोकं धरून उभे आहोत! तरी मी काहीतरी बोलायचो. सांगायचो की मला गाडी चालवायला शिकायचंय, लहानपणी विहिरीत पडलो होतो, असलं काहीही. पाच वाजले की बास. मी विहिरीत अर्ध्यावर असलो तरी ते उठायचे. "उद्या घेऊ," म्हणायचे. विहिरीतून बाहेर यायला मला तीन दिवस लागले.

मग छंद. त्यासाठी त्यांनी माउथ ऑर्गन घेतला. त्यांना एकच ओळ येते, आणि तीही शेवटच्या सुराला घसरते. वरच्या मजल्यावर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर राहतो, तो दिवसा झोपतो. त्याने पहिल्या आठवड्यात जमिनीवर टाच आपटली, दुसऱ्या आठवड्यात खाली येऊन मला विचारलं, "पेशंट कुठेय?" शेवटी मी तो माउथ ऑर्गन लपवला. कुठे ते लिहीत नाही.

आता कंबर. आमच्याकडे हॉटेलांच्या चादरी येतात, दिवसाला पाच-सहाशे. त्या रोलरच्या मोठ्या इस्त्रीतून गरम बाहेर पडतात, आणि घडी दोघांनी घालायची असते. समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, मग एकाने चालत येऊन आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि मधली घडी खालून उचलायची. न बोलता होतं. हातांना कळतं कोणी पुढे यायचं ते. पण सव्वीस वर्षं ज्याने फक्त बोट दाखवलं, त्याच्या हातांना काय कळणार? दोघंही एकदम पुढे यायचो. पहिल्या आठवड्यात माझ्या कपाळावर दोन टेंगळं होती आणि त्यांच्या चष्म्याची एक काडी गेली. वर सूचना चालूच, "तू उजवीकडून घे, मी सांगतो तेव्हा सोड." इस्त्रीवाल्या मावशी हसून हसून खाली बसायच्या. "साहेब, चादरीशी भांडताय की मेहुण्याशी?" गेल्या महिन्यात डबल बेडची चादर त्यांनी अशी काही ओढली, की साबणाच्या पाण्यावर माझा पाय गेला आणि मी चादरीसकट आडवा. ती चादर पुन्हा धुवावी लागली. मला कोणी धुतलं नाही, पण तेव्हापासून इस्त्री झाल्यासारखा सरळ चालतोय.

आणि हे सगळं मी गिळलं असतं. पण आता ऐक. पंधरा दिवसांपूर्वी आमचा मुकादम काम सोडून गेला, आणि मालकीणबाईंनी मुकादमी कोणाला दिली? दोन वर्षं एका जागी टिकलेल्या मला (मी! दोन वर्षं! कोणी भाषण?) नाही दिली. दीड महिन्याच्या दाजींना दिली. आता साबणाच्या पिंपांमागे त्यांनी एक टेबल टाकलंय. टेबल, ताई! सव्वीस वर्षांचं टेबल सोडून आलेला माणूस दोन महिन्यांत पिंपांमागे दुसरं टेबल मांडून बसला. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी आम्हाला ओळीत उभं करून दहा मिनिटं आढावा घेतात. चादरींचा काय आढावा घ्यायचा? मळक्या येतात, धुतो, जातात! तीनचा भोंगा वाजला की आम्ही सगळे जातो आणि ते हात वर करून म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे, एवढं आटपतो." साडेसात वाजतात. हे 'एवढं आटपतो' तू ओळखत असशील.

तर आता स्पष्ट लिहितो. तुझा नवरा मला नको. त्याला ताबडतोब परत ने. त्याची उशी, त्याचं वेळापत्रक, त्याचा आढावा, सगळं ने. मी तुझा सख्खा भाऊ आहे, गोदाम नाही. रागात कमी-जास्त लिहिलं असेल तर ते खरंच आहे, माफी मागत नाही. भाचीला गोड पापा.

तुझा,
धरसोड्या

ता. क. एक गोष्ट राहिली. मुकादमी बाईंनी आधी मलाच विचारली होती. मी नको म्हणालो. तीनला सुटलो की मी कालव्यावर पोहायला जातो, मग खोलीत येऊन पडतो. मुकादम झालो तर ते गेलं. बाईंनी कारण विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं, आणि दाजी शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि म्हणाले, "मग मी बघतो." सहा महिन्यांत जे शिकायला आले होते ते समोर उभं होतं, ताई, आणि तुझ्या नवऱ्याला दिसलं नाही. म्हणून एवढा राग.

ता. क. दुसरा. माउथ ऑर्गन माझ्या उशीच्या खोळीत आहे. लपवून पंधरा दिवस झाले. त्यांनी अजून विचारलेलं नाही, कुठे गेला म्हणून. वेळापत्रकाचा एक कोपरा सुटून लोंबतोय, तोही त्यांना दिसलेला नाही. काल सव्वाचारला मी पोहून येऊन खाटेवर बसलो होतो. उगाच. पाच वाजेपर्यंत बसलो. या खेपेला विहिरीपेक्षा चांगलं सांगायला होतं.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. तू त्यांना बोलावू नकोस. बोलावलंस तर 'एवढं आटपतो' म्हणतील. तूच ये, भाचीला घेऊन. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, गाडीत बसायला गुडघा लागत नाही. लाँड्रीच्या फाटकापाशी मी तीनच्या आधी येऊन थांबेन, तुम्हाला सरळ पिंपांमागे नेतो. भाचीला चष्मा घालायला विसरू देऊ नकोस. तिला चष्मा लागून चार महिने झाल्यावर दाजींनी तिला विचारलं होतं ना, "हा कोणाचा घातलायस गं?" त्या दिवशी त्यांनी राजीनामा लिहिला. इथे आले तेव्हा पहिल्या सव्वाचारला मी काही बोलायच्या आत त्यांनीच हे मला सांगितलं होतं. तो चष्मा त्यांना एकदा समोर दिसला पाहिजे. आणि मी एक डबल बेडची चादर गरम काढून ठेवतो. ते मुकादम झाल्यापासून माझ्यासमोर कोणी उभं राहत नाही, तेव्हा मी मधली कड हनुवटीखाली धरून एकट्याने घडी घालतो, तू घरी घालायचीस तशी. मान फार दुखते गं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, तू कधी बोलली नाहीस. दोन टोकं त्यांच्या हातात दे, दोन तू धर, आणि काही सांगू नकोस. आता त्यांना येतं.